मिक्सर साहेबांच्या कपाटात होता

मी एक जुना अँटेना आहे आणि मी साहेबांचा सूड घेतला. छे, तसं काही झालंच नाही. मी फक्त वेधशाळेच्या गच्चीवर उभा होतो.

मित्रांनो, माझं काम सूर्य ऐकण्याचं. सूर्यावर भडका उडाला की इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो. वाटेतल्या प्लाझ्माला, म्हणजे तापून विजेने भारलेल्या वायूला, तो धक्के मारत जातो. त्यात लाटा उठतात, आणि त्यांतून निघालेल्या रेडिओ लहरी मला ऐकू येतात. झोत जितका दूर जाईल तितका प्लाझ्मा विरळ आणि सूर खाली. खालच्या खोलीत माझ्या तीन सुया कागदावर रेघा ओढतात. उंच सुराची सुई आधी उडते, मग मधली, मग खालची.

त्या खोलीत बसणाऱ्या ताईंनी अठरा वर्षं त्या रेघा वाचल्या. माझं कौतुक केलं ते त्यांनीच. मग नवे साहेब आले आणि प्रत्येक उडीवर एकच शेरा मारू लागले, "कॅन्टीनचा मिक्सर."

"साहेब, मिक्सरने तिन्ही सुया एकदम उडतात."

"ताई, मला मिक्सर शिकवू नका."

ताईंचे एकेचाळीस भडके असे मिक्सरच्या नावावर गेले. पुढे नवं यंत्र आलं. अचानक आलेला आवाज ते आपण होऊन पुसून टाकी. मला भंगारात काढायचं ठरलं. तोवर साहेब माझ्या हातांवर ओला टॉवेल वाळत घालत. मी ते विसरलो नव्हतो.

साहेबांच्याही वरच्या बाई पाहणीला आल्या, त्याच दुपारी सूर्य भडकला. नव्या यंत्राने ते पुसलं. माझ्या सुया मात्र उडाल्या, एकीमागून एक.

"मिक्सर," साहेब सवयीने म्हणाले.

ताईंनी आचाऱ्याला हाक मारली. "काका, मिक्सर चालू होता का हो?"

"कुठला मिक्सर? पाहणीत खरखर नको म्हणून सोमवारी साहेबांनीच नेला ना उचलून! हाताने वाटून खांदा गेला माझा. कपाटात असेल त्यांच्या. किल्ली त्यांच्याच खिशात."

बाईंनी कपाट उघडायला लावलं. मिक्सर निघाला, वायर नीट गुंडाळलेली.

"असे अजून किती आहेत?" बाईंनी कागद हातात घेत विचारलं.

"आजचा धरून बेचाळीस," ताई म्हणाल्या.

माळ्यावरचे जुन्या कागदांचे गठ्ठे साहेबांनी स्वतः उतरवले. धूळ बरीच होती. मला गच्चीवर शिंका ऐकू आल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो.

तरी सविनय विनंती की, भंगाराच्या यादीत माझ्या जागी साहेबांचे नाव घालण्यात यावे. तोपर्यंत त्यांना गच्चीवर हात आडवे करून उभे करण्यात यावे व त्यांच्यावर ओला टॉवेल वाळत घालण्यात यावा. चिमट्यांना वेगळी मंजुरी असावी.