उजवा कौल

न्हावऱ्याच्या पोपटरावांच्या घरात कौलाशिवाय मोठं काही ठरत नसे. विहिरीची जागा, लेकीचं स्थळ, सोसायटीची निवडणूक, सगळं भैरोबाला विचारून. मुलगा इंद्रजीत वैमानिक व्हायला गेला तोही कौल मिळाल्यावरच. २००३ साली तो आफ्रिकेतल्या एका लहान कंपनीत करारावर मालवाहू विमान चालवत होता, आणि त्याच्या अभिनंदनाचा फलक शिरूरच्या एसटी स्टँडसमोर अजून उभा होता.

एका सकाळी डेअरीला दूध घालून गडी परतला, तेवढ्यात फोन वाजला. इंद्रजीतच्या बायकोनं, अनितानं, तो उचलला. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यामुळे विमानाची गोष्ट तो तिला सोपी करून सांगत नसे.

"डाव्या इंजिनाचं तेलाचं प्रेशर उतरतंय," तो म्हणाला. "मेकॅनिक म्हणतो, काटा बिघडलाय, इंजिन ठीक आहे."

"काटा बदलून बघितला का?"

"बदलला. नवाही तेच दाखवतो."

"मग उडवू नका तुम्ही."

"पासपोर्ट कंपनीकडे आहे गं, नोकरी सोडली तरच देतात. मागं एका कॅप्टननं नकार दिला, त्याला तिथंच काढून टाकलं. असा शिक्का बसला की दुसरीकडेही कुणी घेत नाही. आप्पांना दे. परत आलो तर चालेल का, विचारतो."

परदेशात विमान चालवणारा माणूस घरी परत येण्याची परवानगी मागत होता, आणि त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. पोपटरावांनी सगळं ऐकून घेतलं. "सांजच्याला फोन कर, कौल लावतो," म्हणून रिसिव्हर ठेवला.

"मामा, इंजिनाचं देवाला काय विचारायचं? त्यांनी तपासूनच सांगितलंय," अनिता म्हणाली.

"मंग पळून ये म्हनू? मला शिरूरला चार मानसांत बसायचं असतंय. भ्याला पोपटरावाचा, म्हनतील."

देवळात खंडू गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. मुलानं ते विमान उडवावं का, असा प्रश्न पोपटरावांनी देवापुढं ठेवला. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बायकांना गाभाऱ्यात मज्जाव असल्यानं अनिता उंबऱ्याबाहेरून पाहत होती. गाभाऱ्याला झरोका एकच, देवाच्या उजव्या अंगाला. वारा तिथून येई; त्या बाजूचं फूल आधी वाळे आणि आधी सुटे. या घराण्याला नेहमी उजवाच कौल का मिळत आला, याला एवढं कारण पुरेसं होतं.

"तो झरोका बुजवून लावा की एकदा," ती म्हणाली.

"देवाची परीक्षा घेती व्हय?" सासूबाई, साळूबाई, फणकारल्या.

खंडू हसला. "शिकलेली सून हाय, आप्पा. उद्या देवाला पेपर लिवाय बसवंल."

उजवं फूल पडलं.

संध्याकाळी पोपटरावांनी फोनवर सांगितलं, "कौल मिळालाय. बिनघोर जा."

पलीकडून आवाज आला, "बरं, आप्पा."

धावपट्टी सोडल्यावर विमान थोड्याच अंतरावर कोसळलं. पेटी घरी आली ती बंदच होती.

साळूबाईंनी कारण लगेच शोधलं: पांढऱ्या पायाची सून. रीतीप्रमाणे अनिताला माजघरात बसवलं. विधवेनं पुरुषांसमोर यायचं नाही. म्हणजे इंद्रजीतनं ज्या दोघांना इंजिनाचं सांगितलं होतं, त्यांपैकी एक भिंतीआड गेली आणि दुसरा बोलत नव्हता.

तेरावं झाल्यावर कंपनीचा पुण्यातला प्रतिनिधी समाचाराला आला. पुढच्या खोलीत बसून हळू आवाजात म्हणाला, "चूक वैमानिकाची दिसतेय. पण चौकशीवाले विचारतील म्हणून विचारतो. घरी त्यांनी विमानाची काही तक्रार केली होती का?"

पोपटरावांनी जमिनीकडे पाहिलं. "न्हाई. नशीब, दुसरं काय."

"सुनेचा पायगुन," दारातून साळूबाई म्हणाल्या.

"तसंही असतं, काकू," पाहुण्यानं मान डोलावली. तो विमानांच्या धंद्यातला माणूस होता. पायगुणावर त्याचा विश्वास असण्याचं कारण नव्हतं. पण पायगुणाची चौकशी होत नाही, हे त्याला सोयीचं होतं.

अनिता माजघरातून उठली.

"कुठं निघाली? बाहेर पुरुष मानसं हायेत," साळूबाईंनी वाट अडवली.

"त्यांच्याशीच बोलायचंय, आत्या."

ती पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. "तक्रार केली होती. डाव्या इंजिनाचं तेलाचं प्रेशर उतरत होतं. काटा बदलला तरी तेच."

"वहिनी, दुःखात माणसाला काहीबाही आठवतं."

"मामांनाही सांगितलं होतं त्यांनी. मामा, तुम्ही सांगता, का मी एकटीच सांगू?"

हो म्हटलं, तर मुलाला त्या विमानात आपणच धाडलं हे कबूल करावं लागणार होतं. नाही म्हटलं, तर मेलेला मुलगा कायमचा दोषी ठरणार होता. मधला मार्ग या वेळी नव्हता.

"आत जा म्हनते ना," साळूबाईंनी तिचा दंड धरला.

"सोड तिला," पोपटराव म्हणाले. "सांगितलं व्हतं त्यानं, समदं. परत येऊ का म्हनला. मी जा म्हनालो."

भैरोबाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

अनिता पाहुण्यासमोरच्या खुर्चीत बसली. "आता विचारा काय ते," ती म्हणाली. "चौकशीवाल्यांपुढंही मी येणार आहे."