गोपिकाच्या घरी फोडणी नव्हती

आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही. गोपिकाच्या दंडावरची देवीची लस मीच तिला पुसायला लावली होती.

मी कुंदा. नववी अ. शाळेच्या लेझीम पथकाची कॅप्टन आणि देवी-डॉक्टरची मुलगी. देवी-डॉक्टर म्हणजे नागपूरच्या धंतोलीतला पाटीवाला डॉक्टर नव्हे हं! माझे बाबा सायकलवर कुही तालुक्यातली बावीस गावं फिरतात आणि लोकांना देवी टोचतात. बावीस गावांना एक रुपराव, म्हणजे माझे बाबा, एक सायकल, एक पिशवी. बाबा दिसले की बाया पोरांना घेऊन मागच्या दारानं पसार! म्हणून दिवाळीपासून सुट्टीच्या दिवशी बाबा मलाही नेतात. ते अंगणात थांबतात, मी थेट चुलीपाशी जाते. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नव्हता. आता मी बोलायला लागले की बायका स्वतःच पोराची बाही वर करतात. बाबा म्हणतात, "कुंदाचं तोंड म्हणजे माही अर्धी लस."

त्याच तोंडानं घात केला.

जानेवारीत नदीपलीकडच्या एका गावात देवीचा रोगी सापडला. ७४ साल उजाडलं तरी देवी जाईना! बाबांनी लगेच आमच्या शाळेत टोचायचं ठरवलं, तेही गॅदरिंगच्या दहा दिवस आधी. मला बाबांनी घरी महिन्याभरापूर्वीच टोचलं होतं. दंड असा सुजला होता की दोन दिवस वेणीसुद्धा आईनं घातली. आता पथकातल्या दहाही जणींचे हात सुजले तर लेझीम कोण उचलणार? मी काय?

टोचून झाल्याबरोबर पथकातल्या दहा जणींना मी शाळेमागच्या पाण्याच्या टाक्यापाशी नेलं आणि वेणीची रिबीन ओली केली.

"औषध सुकायच्या आंधी पुसा वं. काई नाही होत."

गोपिका मागे सरली. "तुह्या बाबाले समजलं तं?"

"कसं समजते? आठव्या दिवशी फोड आला का ते पाहाले मीच येणार हाय."

ते खरंच होतं. पोरींना बाही वर करायला लाज वाटते म्हणून बाबांनी ते काम मला दिलं होतं. यादी आणि लाल पेन्सिल: फोड दिसला, म्हणजे लस लागली, की नावापुढे खूण. आठव्या दिवशी पथकातल्या दहा नावांपुढे मी ऐटीत दहा खुणा केल्या. एकीचाही दंड पाहिला नाही.

गॅदरिंग झकास झालं. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि त्यानंतरच्या मंगळवारपासून गोपिका शाळेत आली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दारात बाज टाकून तिची आजी बसली होती, बायजाबाई.

"गोपिका मामाच्या गावाले गेली," मी विचारायच्या आतच ती म्हणाली.

"कवा येते?"

"येईन येईन तवा. जाय तू."

मी वळले आणि थबकले. काहीतरी चुकत होतं. त्या घरी रोज या वेळी वरणाला लसणाची फोडणी पडते आणि अर्ध्या गल्लीला ठसका लागतो. आज चुलीचा धूर होता, पण वास नव्हता. लसूण नाही, मोहरी नाही, काहीच नाही.

आमच्याकडे ज्या घरात माता येते, म्हणजे अंगावर फोड उठतात, त्या घरात फोडणी देत नाहीत. तेल चुरचुरलं की माता कोपते म्हणतात. दारावर निंबाची डहाळीही लावतात. ती बायजाआजीनं लावली नव्हती. डहाळी देवी-डॉक्टरला लांबून दिसली असती. नसलेला वास कोणाला दिसतो?

मी घरी कशी आले ते आठवत नाही. दप्तर तिथेच कुठेतरी राहिलं होतं.

बाबा अंगणात रिपोर्ट लिहीत होते. दुपारच्या बसनं नागपूरला जाऊन ते साहेबांना द्यायचे होते, मग चार दिवस तिकडेच.

"बाबा, गोपिकाले माता आली वाट्टे."

बाबांनी यादीवरून बोट फिरवलं. "लेझीमवाली गोपिका? तिले तं टोचलं हाय. फोडबी आला. कांजण्या असतीन बेटा. भेऊ नको." आणि हसून म्हणाले, "तुही खूण म्हणजे पक्की."

मला वाटलं, बरं झालं. कांजण्याच असतील. बाबा बसमध्ये बसतील, कोणाला काही कळणार नाही. मग डोळ्यांपुढे गोपिका आली. तिच्या दंडावर तर लहानपणीच्या लशीचा वणसुद्धा नाही! बावीस गावांत चालणारं माझं तोंड, त्याला कुलूप लागलं होतं. बाबांनी रिपोर्टची घडी घातली. पिशवीत ठेवली. बंद ओढला.

"बाबा, ते खूण खोटी हाय."

मी सगळं सांगितलं. टाकं, रिबीन, लाल पेन्सिल. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते पेनाला टोपण लावत होते आणि ते बसत नव्हतं.

"लहानपणीचा वण हाय का तिले?"

"नाही. टोचणी आली की आजी तिले धानाच्या कोठीत लपवे."

बाबा उठले. "चाल. बस सायकलवर."

वाटेत ते एवढंच बोलले. "तोंड नको पाहू. तळहात पाह्य. कांजण्या तळहातावर बहुधा येत नाहीत. देवी येते."

बायजाआजी आम्हाला बघून उभीच राहिली. "देवी-डॉक्टर, पाय नको ठेवू घरात! तू सुई टोचली म्हणून माता कोपली. आता अजून काय आणलं?"

बाबा चपला काढून अंगणातच थांबले. "मी नाही येत माय. पोरगी जाईन."

"तेबी नाही!"

अशा वेळी मी किती काय काय बोलते! त्या दिवशी एकच वाक्य निघालं. "आजी, तिची लस मी पुसाले लावली. तवाच. सुकायच्या आंधी."

आजी माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हंजे लस अंगात गेलीच नाही?"

"नाही."

"मंग माता कायले कोपली?" ती स्वतःशीच म्हणाली.   मग तिनं बाज थोडी सरकवली.

आत अंधार होता. निंबाचा पाला अंथरला होता, त्याचा कडू वास नाकात गेला. गोपिकाचा चेहरा मी ओळखलाच नाही. कपाळावर, गालावर, पापणीवरसुद्धा फोड. 

"तू काहून आली वं?" ती पुटपुटली. "तुले होईन."

"मले टोचलं हाय. मूठ उघड."

"मी मरून राहिली का वं, कुंदा?"

"मूठ उघड ना, गोपिका."

"तूच म्हनलं होतं, काई नाही होत."

 मी तिची मूठ हातात घेतली. तापानं भाजत होती. एकेक बोट सोडवलं आणि कौलातून कवडसा येत होता तिथे तिचा तळहात ओढला.

तळहातभर लालसर ठिपके.

 बाबांना हाक मारायला मी दाराकडे वळले. मग आठवलं, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी काडीनं मेंदीचे ठिपके काढले होते. पण मेंदी कोणती आणि फोड कोणता? मी डोळे मिटले आणि तिच्या तळहातावरून अंगठा फिरवला. हळूहळू, काठापर्यंत. गुळगुळीत. दुसरा हात. गुळगुळीत. मग तळपाय.

"बाबा! साफ हाय! तळवेबी!"

"फोड सारे एकसारखे हायत का लहानमोठे?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"लहानमोठे! काई पाण्याचे, काई सुकले!"

 मग बाबा म्हणाले, "कांजण्या." मी बाहेर आले तेव्हा ते अंगणात मातीतच बसले होते आणि बायजाआजी त्यांच्यापुढे पाण्याचा लोटा धरून उभी होती.

मला वाटलं, सुटलो! मला हसू यायला लागलं होतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून यादी काढली, लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.

"नदीपलीकडचा रोगी कांजण्याचा नाही, कुंदा. तो मी माह्या डोळ्यानं पाह्यला. अजून कोणाकोणाचं पुसलं?"

माझं हसू गेलं. मी गुडघ्यावर यादी ठेवून एकेक खूण खोडली. गोपिका धरून दहा. तेवढ्यात रस्त्यावर नागपूरच्या बसचा हॉर्न वाजला. बाबांनी मान वळवली नाही. सायकलच्या पिशवीतली सुई चाचपली फक्त.

पहिलं घर पथकातल्या, दहावीच्या शोभाताईचं. तिची आई ओट्यावर धान पाखडत होती. "पुन्हा काहून आले भाऊ? आमच्या पोरीले तं टोचलं नं?"

 बाबा सायकल धरून माझ्याकडे बघत राहिले.

 तळहात फ्रॉकला पुसले आणि मी ओट्याची पायरी चढले.

"काकू," मी म्हणाले, "नाही टोचलं."