गाडी पुलावरून कोण नेणार

अंकलेश्वरच्या चौकात नैषधने गाडी समुद्राच्या दिशेला वळवली आणि त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. घर दहा मिनिटांवर होतं. समोर पूल, पुलापलीकडे भरूच, भरूचमध्ये बायको तोरल, स्वतःची गादी आणि दरवाजा नीट लागतो असं बाथरूम. आणि हा निघाला होता भलतीकडे, विमलेश्वरला, आणखी दीड तास. कारण काय, तर परिक्रमा. नर्मदामैया उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचं नाही, आणि ती जिथे समुद्राला मिळते तिथे होडीत बसून वळसा घालून पलीकडच्या काठाला लागायचं. पूल बांधलाय तो बाकीच्या जगासाठी.

गंमत म्हणजे याच पुलावरून तो बावीस वर्षं रोज दोनदा जात होता. राहायला भरूच, नोकरी अंकलेश्वरला रंगाच्या कारखान्यात. बावीस वर्षांत त्याने खाली पाण्याकडे मान वळवून पाहिलं असेल तर शपथ.

"उजवीकडे ठेव, उजवीकडे," शेजारून छबीलमामा म्हणाले.

"मामा, नदी आहे ती. मी तिला उचलून डावीकडे ठेवणार आहे का?"

छबीलमामा म्हणजे बाचे, त्याच्या आईचे, धाकटे भाऊ, निवृत्त तलाटी. निवृत्त झाले ते नोकरीतून. स्वभावातला तलाटी अजून हजर होता. मांडीवर वही, वहीत परिक्रमेचे नियम. दाढी करायची नाही, साबण लावायचा नाही. सतरा दिवस कुठलाही पूल आला की ते दोन्ही हात पुढे करून ओरडायचे, "थांब! ही कुठली?" ती तवा असायची, शेर असायची, नाहीतर नुसता गटाराएवढा ओढा. मैयेला मिळणाऱ्या नद्या ओलांडलेल्या चालतात, हे त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं. तरी प्रत्येक वेळी गाडी बाजूला घ्या, खाली उतरा, कुणा म्हशीवाल्याला नाव विचारा. नैषधच्या नाकी नऊ आले होते.

मागच्या सीटवर बा. चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, वीस वर्षांपासून एकच ध्यास. तिच्यासाठीच त्याने वर्षाची सगळी रजा एकदम काढली होती. त्याचा स्वतःचा देवाधर्माशी संबंध दिवाळीपुरता. पहिले चार दिवस तो नुसता कुरकुरत होता. पुढे केव्हा काय झालं त्यालाही कळलं नाही. अमरकंटकला जिचं पाणी त्याने ओंजळीत धरलं, तीच नदी दिवसेंदिवस त्याच्या उजव्या खांद्याशी रुंद होत चालली होती. रस्ता आत वळून ती दिसेनाशी झाली की त्याला करमायचं नाही, आणि करमत नाही याचाही राग यायचा. दाढीला इतकी खाज सुटली होती की रात्री झोप लागत नव्हती, पण बडवानीच्या न्हाव्याने दुकानातून हाक मारली तेव्हा तो नको म्हणाला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मामांना तर मुळीच नाही.

विमलेश्वरला पोचले तेव्हा दुपारचे दोन झाले होते. आश्रमाच्या अंगणात परिक्रमावासीयांची ही गर्दी. त्यांना घेऊन आलेल्या बसचे ड्रायव्हर चहा पीत बसलेले. होडीवाला गाळातून वर येत ओरडला, "अडीचला सुटणार. पाणी उतरलं तर होडी रुतेल, मग उद्याच!"

मामांनी बाला दोन बायकांच्या आधाराने पुढे धाडलं आणि वही काखेत मारून वळले.

"भाच्या, पिशव्या होडीत टाक आणि तू सूट. पुलावरून ये. आम्ही पलीकडे मिठी तलाईला उतरतो, तिथे गाडी तयार ठेव."

नैषधच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "मी?"

"मग कोण, मी? मला सायकलसुद्धा येत नाही."

"मीही होडीतूनच येणार, मामा."

"आणि गाडी काय पोहत येणार?"

नैषधने कपाळावर हात मारला. चूक दोघांचीही होती. सतरा दिवस म्हशीवाल्यांना ओढ्यांची नावं विचारणाऱ्या या दोन शहाण्यांपैकी एकालाही शेवटच्या पाण्यापाशी गाडीचं काय करायचं, हे सुचलं नव्हतं.

"गाडी राहू दे इथे. मी परवा येऊन नेतो. तोरल पलीकडे रिक्षा घेऊन येईल."

"रिक्षा? बाचे गुडघे विसरलास? आणि एवढा आटापिटा कशाला? रोज दोनदा मैयेला ओलांडतोस, आज तुला काय होतंय? शिवाय तुझा संकल्प तरी कुठे झालाय?"

"म्हणजे?"

मामांनी वही उघडली. "हे बघ. भरूचचा घाट, सकाळी सात वाजून पाच. संकल्प केला चंचळबेन यांनी, म्हणजे बाने, आणि छबीलदास यांनी. बास. तू कुठे होतास?"

नैषध घाटामागच्या गल्लीत होता. गाडीला जागा शोधत. तो खाली आला तोवर भटजी दक्षिणा घेऊन पुढच्या मंडळींकडे गेले होते, आणि मामा म्हणाले होते, चला, उशीर होतोय.

"तुम्ही दोन मिनिटं थांबला नाहीत म्हणून?" त्याचा आवाज चढला. चहा पिणारे ड्रायव्हर वळून बघायला लागले. "तीन हजार किलोमीटर गाडी कोणी हाकली? चिखलातून ढकलली कोणी? ही दाढी काय मी हौस म्हणून वाढवली? नियम सगळे मला, आणि वहीत मीच नाही?"

"अरे, हे सगळे ड्रायव्हर पुलावरूनच येतात. कुणी कधी तक्रार करतं का?"

नैषधने पिशव्या मामांच्या पायाशी आपटल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, डोळ्यांत पाणी येतंय की काय या भीतीने त्याने तोंड फिरवलं. गाडीत बसला आणि दार इतक्या जोरात ओढलं की काच खडखडली. जातो पुलावरून. जन्मभर तेच केलं.

किल्ली फिरवणार तोच पलीकडचं दार उघडलं. बा. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत गाळ. कण्हत कण्हत ती पुढच्या सीटवर बसली.

"चल," ती म्हणाली.

"कुठे चल? होडी तिकडे आहे!"

"ऐकलं मी सगळं. अख्ख्या गावाने ऐकलं. चल पुलावरून."

"बा, वेड लागलंय का तुला? वीस वर्षं घोकत होतीस! शेवटच्या दिवशी मोडणार?"

"मग तुझी का मोडायची?"

"माझी नाहीच आहे ना! विचार तुझ्या भावाला!"

"ओरडू नकोस." बाने पदराने पाय पुसायला घेतले. "घाटावर भटजी घाई करत होते, छबील घाई करत होता. मला वाटलं, येईल तो. नंतर विसरले. सतरा दिवस तुझ्या मागे बसले, रे, आणि एकदाही मनात आलं नाही की माझा मुलगा माझ्याबरोबर नाहीये." तिने दुसरा पाय चोळून पुसला. "तू होडीत, तर मी होडीत. तू पुलावर, तर मी पुलावर."

"उतर खाली!"

"नाही उतरत."

तो ओरडला, विनवण्या केल्या, बाहेर येऊन तिचं दार उघडून उभा राहिला. बा सीटचा पट्टा लावून बसली, जो तिने सतरा दिवसांत एकदाही लावला नव्हता. होडीवाला शिट्ट्या मारत होता. "मी थांबू का?" मामांनी विचारलं, आणि विचारता विचारता एक पाय होडीत टाकला. मग दुसराही.

अडीचला होडी सुटली. "नर्मदे हर!" असा एकच गजर झाला आणि हळूहळू लांब गेला.

नैषध दाराशी तसाच उभा होता. "झालं समाधान? आता रात्रभर बसा इथे."

"बसू. तोरलला फोन कर. सकाळच्या बसने येईल आणि गाडी पुलावरून घेऊन जाईल. आपण दोघं उद्याच्या होडीने."

"आणि मी होडीत बसून काय उपयोग? संकल्प कुठाय?"

"आश्रमात भटजी आहेत. उद्या सकाळी इथे कर."

नैषधने हिशोब केला आणि त्याचं डोकंच फिरलं. "बा, संकल्प जिथे, परिक्रमा तिथेच संपते. म्हणजे भरूचला तुझी पुरी होणार आणि माझी नुकती सुरू! परत सगळा वळसा घालून विमलेश्वरला यायचं, आणि तोवर मैया ओलांडायची नाही. मी कामावर जाऊ कसा? पोहत?"

हे बाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मग उद्या नुसता होडीत बस माझ्याजवळ," ती म्हणाली. "संकल्प पुढच्या दिवाळीनंतर, भरूचच्या घाटावर. गाडी मी सांभाळते, तू आधी पाण्याशी जा. मग परत सगळं करू. मी येते ना."

"पुढच्या वर्षी? तू चौऱ्याहत्तरची आहेस, बा."

"पंच्याहत्तरची होईन," बा म्हणाली. "आता गाडी सावलीत लाव, सीट तापलीय."