दोन काड्या कोथिंबीर

“सांगितलंत अगदी तस्संच केलं हो भाऊ. काल संध्याकाळपासून त्याच्या पोटात काही म्हणजे काही नाही,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी वेताची टोपली काउंटरवर ठेवली. टोपलीत करडा ससा होता. नाव मुकादम. ताई घरी शिवणकाम करायच्या आणि हा पठ्ठ्या दिवसभर मशीनपाशी बसून कामावर देखरेख करायचा, म्हणून मुकादम. आज त्याच्या वाढलेल्या दाढा घासायच्या होत्या. त्यासाठी भूल द्यावी लागणार होती.

“शाब्बास,” कंपाउंडर म्हणाला. “नाहीतर लोक ऐकतात कुठे? ऑपरेशनच्या दिवशी कुत्र्याला बिस्किटं चारून आणतात आणि वर मलाच विचारतात, उलटी कशानं झाली?”

बाकावर म्हातारा कुत्रा घेऊन बसलेले पेन्शनर हसले. “अहो, अर्धे डॉक्टर आहेत ते आमचे. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.”

अर्धे डॉक्टर हे नाव त्याला चिकटून सव्वीस वर्षं झाली होती आणि, खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. थोरले डॉक्टर होते तेव्हा फोन हाच उचलायचा, निम्मे सल्ले हाच द्यायचा. थोरल्यांनी जन्मभर कुत्री-मांजरं बघितली. सशाबिशाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. सहा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले, नव्या मॅडम आल्या आणि ससा म्हणू नका, कासव म्हणू नका, सगळी वरात दवाखान्यात यायला लागली.

त्याने मुकादमला उचललं आणि त्याचा हात जागीच थबकला. कान गार होते. ससा पाठीला पोक काढून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दात करकर वाजवत होता. टोपलीतला कागद कोरा करकरीत होता. घरापासून इथवर ससा टोपलीत आहे आणि एक लेंडी नाही, हे काही बरं लक्षण नव्हतं.

मग त्याला आठवलं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, याच काउंटरला टेकून. “काका, कुत्र्या-मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतो ते उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. उपाशी ठेवलं तर पोटच बंद पडतं. सशाला शेवटपर्यंत खायला द्यायचं.” हा “हो मॅडम, हो मॅडम” करत बँडेज गुंडाळत राहिला होता. कालची पोर, मला शिकवते, असंही मनात येऊन गेलं होतं. आणि काल ताईंनी फोनवर विचारलं, काय तयारी करू, तेव्हा याच्या तोंडून सव्वीस वर्षांचा पाठ घडाघडा बाहेर पडला. सहानंतर काही घालू नका, एक पानसुद्धा नको.

त्याने मुकादमचे गार कान तळहातात धरले.

“काका, वजन सांगा,” आतून मॅडमचा आवाज आला. “इंजेक्शन भरतेय मी.”

तो ससा घेऊन वळला तोच ताईंनी त्याची बाही धरली. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, एक सांगू? रागावू नका. रात्री हा जाळीला पुढचे पाय लावून उभा राहिला. बघवेना हो. मी दोन काड्या कोथिंबीर दिली. दोनच. त्यानं तर नाही ना काही झालं? सकाळपासून असा मलूल आहे.”

बघा, देव देतो तर असं देतो. गुन्हा याचा आणि पदर पसरून उभी दुसरीच. नुसतं ‘अरेरे ताई, काय केलंत हे’ म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तेवढं त्याला सुचलंही, आणि सुचलं याची त्याला शिसारी आली.

“बघतो,” एवढंच तो म्हणाला आणि आत गेला.

मॅडम सिरिंज उजेडासमोर धरून टिचकी मारत होत्या. त्याने ससा टेबलावर ठेवला.

“भूल देऊ नका मॅडम. उपाशी आहे तो. सोळा तास.”

“कुणी ठेवला?”

“मी सांगितलं होतं त्यांना. फोनवर.”

“काका, मी तुम्हाला बजावलं होतं ना?”

“बजावलं होतंत.”

“मग?”

“मी ऐकलं नाही.”

मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये आपटली. सशाच्या पोटाला नळी लावून त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. पोटात गुडगुड म्हणून नव्हती. “हीटर लावा. सलाइन कोमट करा. पटकन!” त्या म्हणाल्या. मग दोघंही कामाला लागले. वेदना कमी करायचं इंजेक्शन झालं, कातडीखाली सलाइन झालं. मुकादम टॉवेलात गुंडाळलेला, इतका शांत की सारखा हात लावून बघावं लागत होतं.

“आत मला सांगितलंत,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या. “बाहेर त्यांना कोण सांगणार? मी सांगू?”

“नको. मीच सांगतो.”

म्हणणं सोपं असतं. तो बाहेर आला तेव्हा ताईंनी सगळं पेन्शनरांपाशी बोलून टाकलं होतं आणि पेन्शनर त्यांची शाळा घेत होते. “चुकलंच तुमचं ताई. माया असावी, पण अशी? उपाशी म्हणजे उपाशी! सांगा हो यांना, अर्धे डॉक्टर, तुम्ही सांगा.”

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने तोंड उघडलं. “पोट बंद पडलंय. प्रयत्न चाललेत,” तो म्हणाला, आणि कापूस संपला नसताना कापूस आणायला आत गेला. मूग गिळणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. घशातून खाली उतरतच नव्हते.

दुपार झाली. पेन्शनर कुत्र्याला टोचून घेऊन पुन्हा बाकावर येऊन बसले. निकाल बघितल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. मॅडमनी ससा कंपाउंडरच्या मांडीवर दिला. तो बोटांनी पोट चोळत होता, हळूहळू, वरून खाली. एक लेंडी पडू दे, एकच. जन्मभर ज्या लेंड्या नाक मुरडून झाडल्या, त्यातल्या एका लेंडीसाठी तो जीव टांगून बसला होता. बाहेरून ताईंचा फोनवरचा आवाज येत होता. “नाही गं, माझ्याच हातानं झालं. त्यांनी अगदी बजावून सांगितलं होतं. मला मेलीला राहवलं नाही.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

साडेतीन वाजता मुकादमने मागचे पाय एकदा जोरात झाडले. याला वाटलं, आली, तरतरी आली! “मॅडम!” तो ओरडला. मॅडम धावत आल्या. त्यांनी छातीवर नळी ठेवली, दोन बोटांनी छाती दाबत राहिल्या, पुन्हा नळी ठेवली. मग त्यांनी हीटर बंद केला.

“मी येते बाहेर तुमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

“या,” तो म्हणाला. “पण बोलणार मी.”

टॉवेलची गुंडाळी बघूनच ताई उठल्या. त्या रडल्या नाहीत. गुन्हेगारासारख्या उभ्या राहिल्या आणि मॅडमना हात जोडून म्हणाल्या, “तुमचा काही दोष नाही. मीच त्याला...”

“ताई,” कंपाउंडर मोठ्यांदा म्हणाला. पेन्शनरांनीसुद्धा ऐकावं इतक्या मोठ्यांदा. “तुम्ही काही केलेलं नाही. सशाला उपाशी ठेवायचंच नसतं. मॅडमनी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला उलटं सांगितलं. उपासानं गेला तो. माझ्या चुकीनं गेला.”

पेन्शनर कुत्र्याच्या पट्ट्याशी चाळा करायला लागले. ताईंना पहिल्यांदा कळलंच नाही.

“म्हणजे, कोथिंबिरीनं नाही?”

“नाही. कोथिंबीर दिलीत ते बरोबर केलंत. तेवढंच काय ते त्याच्या पोटात गेलं.”

ताई मटकन बाकावर बसल्या. गुंडाळी त्यांनी मांडीवर घेतली. क्षणभर वाटलं, बाईंच्या डोक्यावरचा धोंडा उतरला. मग त्यांनी मान वर केली आणि कंपाउंडरकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता.

“अख्खी जुडी होती हो घरात,” त्या म्हणाल्या. “दोन काड्या दिल्यावर तो आणखी मागत होता. माझं बोट चाटत होता. मी हात मागे घेतला. म्हटलं, भाऊ सांगताहेत म्हणजे त्यांना जास्त कळतं.”

कंपाउंडर दोन्ही हात बाजूला सोडून उभा राहिला. ताई टोपली घेऊन निघाल्या तेव्हा त्याने सवयीने ती धरायला हात पुढे केला. ताईंनी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि त्या एकट्या पायऱ्या उतरल्या.