एका पुस्तकाला लागणारा वेळ

सकाळी अकरापर्यंत सहा जणींची पुस्तक शिवायची वेळ लावून झाली आणि बीएस्सी सातव्या नावापाशी थांबली. सातवी तिची आत्या होती.

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. तीन महिन्यांपूर्वी ती ऑफिसच्या टेबलावर बसू लागली, त्या दिवसापासून ती बीएस्सी. आणि तिची आत्या ही सगळ्यांचीच आत्या. खिडकीखालच्या पाटावर बसून एकोणतीस वर्षं तिनं जाडजूड पुस्तकं हातानं शिवली. भाचीचं कॉलेज त्याच शिलाईवर झालं.

नियम नवा होता. पुस्तकामागे मजुरी देणाऱ्या मालकानं ती मजुरी तासाच्या किमान दराशी ताडून दाखवायची. सगळ्या कारागिरांची वेळ लावायची, सरासरी काढायची, त्यावरून एका पुस्तकाचा दर ठरवायचा आणि त्यात त्याचाच पाचवा हिस्सा वाढवायचा. सरासरीपेक्षा जरा हळू शिवणारीचाही तासाचा दर सुटावा, हा हेतू. एवढं करून जिचा सुटणार नाही, तिला फरक मालकानं भरून द्यायचा. चार वाजता कामगार कार्यालयाचे अधिकारी कागद बघायला येणार होते.

तासाचा किमान दर शंभर रुपये होता. सहा जणींची सरासरी सतरा मिनिटं आली. म्हणजे वाढीव पाचवा हिस्सा धरून पुस्तकाला चौतीस. सध्या मिळत होते तीस.

"झालं की मग," मालक खुर्चीमागून कागदात डोकावत म्हणाले. "आत्यांना कशाला त्रास? रोजची पंचवीस पुस्तकं, हजेरी आठ तासांची. भाग घाल. एकोणीस मिनिटं. लिहून टाक."

भागाकार बरोबर होता. घोळ हजेरीत होता, आणि तो या खोलीत फक्त तिला ठाऊक होता, असं तिला वाटत होतं. गेली दोन वर्षं आत्या रोज पहाटे साडेपाचला घर सोडायची. कारखाना आता सहाला उघडतो, असंच भाची समजत आली. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं हजेरीपट पाहिला, तर त्यावर सगळ्यांची वेळ आठची. त्या संध्याकाळी ती आत्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे तीन महिने गेले होते.

पाण्याच्या टाकीपाशी आत्यानंच तिला गाठलं.

"हजेरीत आहे तेच लिही. आकडा खोटा नाही."

"मग सकाळचे दोन तास कुठे गेले?"

"माझे होते, मी दिले." आत्यानं उजवा अंगठा डाव्या मुठीत दाबून धरला होता. सांधा लिंबाएवढा सुजला होता. "मागच्या वर्षी पलीकडच्या पाटावरच्या मोठ्या वहिनींचा हात चालेना, तर मालकांनी गोड बोलून घरी बसवलं. ऐकलंयस ना?"

"तुझी खरी वेळ धरली तर सगळ्यांचा दर छत्तीसवर जातो. नाहीतर साडेचौतीस. बाकीच्या सहा जणींनी पुस्तकामागे दीड रुपया का सोडावा? आणि तुला फरक भरून द्यायची सोय आहे नियमात."

"फरक भरायचा की माणूस बदलायचा? तू मालक असतीस तर काय केलं असतंस गं, शहाणे?"

भाचीची नजर त्या सुजलेल्या सांध्याकडे गेली.

"म्हणजे तूच माझ्या हातात नारळ देणार," आत्या म्हणाली आणि आत निघून गेली.

बीएस्सी टेबलापाशी परतली. पेन उघडलं, सातव्या ओळीवर टेकवलं. एक आणि नऊ, दोनच आकडे लिहायचे होते. तिनं पेन बंद केलं, मोबाइल उचलला आणि खिडकीखालच्या पाटापाशी जाऊन उभी राहिली.

"नियमात सगळ्या कारागिरांची वेळ लावायला सांगितलंय," ती मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"आत्या, इंजिन तापवून घ्या!" फटाकडी ओरडली. सगळ्यांत भरभर शिवणारी आणि त्याहून भरभर बोलणारी ती.

"तुझं तोंड शिवायला किती वेळ लागेल, ते आधी मोजू दे तिला," आत्या म्हणाली. सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. "लाव वेळ."

बारा फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांचे बारा गठ्ठे. एकेका फर्म्याच्या घडीतून सुई आत घालायची, पट्टीला वळसा देऊन बाहेर काढायची, टोकाला आधीच्या फर्म्याशी गाठ मारायची. पहिल्या चार फर्म्यांना आठ मिनिटं लागली. भाचीनं मनात गुणाकार केला, चोवीस येत होते.

पाचव्या फर्म्यापासून मात्र आत्याचा वेग अचानक वाढला. सुई सपसप फिरू लागली. कोपर इतकं आड आलं होतं की बोटं दिसत नव्हती. सतराव्या मिनिटाला तिनं दोरा तोडला.

"सतरा!" मालक खूश झाले. फटाकडीनं शिट्टी मारली.

बीएस्सीनं पुस्तक हातात घेतलं. आपण ते का उघडतोय, हे तिलाच नीट कळत नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या फर्म्याच्या मध्ये तिनं बोट घातलं. एकच दोरा दोघांत मिळून धावला होता, अर्धा या घडीत, अर्धा त्या. पुढेही तसंच, जोडीजोडीनं. बाहेरून पुस्तक कसं ताठ दिसत होतं! वाचनालयात वर्षभर हाताळलं की पानं हातात येणार. नवी मुलगी असं करताना सापडली की आत्या अख्ख्या कारखान्यासमोर तिची खरडपट्टी काढायची. लहानपणी सुट्टीत इथे बसून शिवण शिकताना भाचीनंही एकदा हेच केलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

तिला आता नुसतं पुस्तक मिटायचं होतं. कुणालाही कळलं नसतं.

"हे मोजता येणार नाही," ती म्हणाली. "दोन-दोन फर्मे एका दोऱ्यात घेतलेत."

आत्यानं भाचीकडे पाहिलंच नाही. तिनं पुस्तक ओढून घेतलं, स्वतःच कात्रीनं सगळा दोरा कापला, फर्मे ठोकून सरळ केले आणि सुईत नवा दोरा ओवायला लागली. तीनदा चुकली. चौथ्यांदा फटाकडीनं न बोलता तो ओवून दिला.

"लाव."

या वेळी कुणी थट्टा केली नाही. आत्यानं अंगठा वाचवण्यासाठी सुई मधल्या दोन बोटांत धरली होती. प्रत्येक गाठीला तिचा खालचा ओठ दाताखाली जात होता. चोवीस मिनिटं झाली. भाचीनं पुस्तक उघडून पाहिलं. प्रत्येक घडीत पुरा दोरा होता.

तिनं चोवीस लिहिले.

"मग रोजची पंचवीस कशी होतात?" मालकांचा आवाज खाली आला होता.

"सहाला येते मी. दोन वर्षं झाली," आत्या म्हणाली. "रखवालदाराला बोलू नका, मीच गळ घातली."

"आम्हालाही माहीत होतं," फटाकडी पुटपुटली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"अहो आत्या, बिनहजेरीचे रोज दोन तास! कामगार कार्यालयाचे साहेब मला सोडतील का?" मालक मटकन खुर्चीत बसले. रुमालानं मान पुसली. "ते मागचं मीच सांगतो त्यांना. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं. आणि उद्यापासून आठला यायचं. एक मिनिट आधी आलात तर दार उघडायचं नाही, सांगून ठेवतो."

मग त्यांनी कागद मागितला. सात जणींची बेरीज एकशे सव्वीस, सरासरी अठरा, दर छत्तीस. सातव्या ओळीत आत्याचे तासाला नव्वद, कमी पडणारे दहा, आठ तासांचे ऐंशी. त्यांचं पेन त्या ऐंशीवर थांबलं.

"हे रोज?"

"रोज."

"किती दिवस?"

"ती इथे आहे तोवर."

मालक कागद घेऊन केबिनमध्ये गेले. पावणेचारला कागद परत आला. खाली सही होती, सातवी ओळ जशीच्या तशी होती.

आत्या पुढचं पुस्तक शिवत होती. भाची शेजारी जाऊन बसली.

"उद्यापासून म्हणाले ना ते?" आत्यानं वर न बघता विचारलं. "म्हणजे उद्या तरी काम आहे."

"हो. आठ तासांचे आठशे. दहा तासांत तुला साडेसातशे पडत होते."

"आणि परवा?"

भाचीनं पुढचा फर्मा तिच्या हाताशी सरकवला.

"मला विचारायचं तरी होतंस," आत्या म्हणाली. "पुस्तक उघडायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचं होतंस."

"बघितलं असतं तर उघडलं नसतं गं."

आत्याची सुई थांबली. मग तिनं अंगठा चोळला, दोरा ओढून घेतला आणि पुढच्या फर्म्यात सुई घातली. जिन्यावर बुटांचा आवाज आला. बीएस्सी उठली. जाता जाता तिनं बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली, एकशे सव्वीसच आली, आणि कागद दोन्ही हातांत धरून ती दाराकडे गेली.