बॉयलरवाल्याची झोप

"अवं, उठा! मेलात का काय?"

छाया मला दोन्ही हातांनी गदागदा हलवत होती. मी डोळे उघडले. शेजारच्या प्लॉटात मुंबईवाल्यांची बोअरची गाडी धडधडत होती, पडवीचे पत्रे थरथरत होते, खाट धुळीनं पांढरी झाली होती. आणि मी म्हणे मजेत घोरत होतो.

"या आवाजात झोपलात तुमी? मला वाटलं, गेला मानूस."

"लय दिसांनी लागली होती गं," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात मी बॉयलरवर होतो. रात्रपाळीच जास्त. सकाळी घरी येऊन आडवा झालो की माझी बायको, छाया, घरातला आवाजच काढून घ्यायची. शेळीच्या गळ्यातली घंटा सोडायची, आमच्या विकासला नदीवर पिटाळायची आणि स्वतः बिरड्याचे वाल सोलायला शेजारच्या मैनाच्या पडवीत जाऊन बसायची. गाव म्हणायचं, धनावर नाग बसावा तशी ही दत्ताच्या झोपेवर बसते.

घोटाळा एवढाच, की मला शांततेत झोप येत नसे. बॉयलर गप्प झाला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे अंगात भिनलेलं. घर शांत झालं की मी दचकून जागा. खरी झोप व्हायची ती कंपनीच्या खडखडत्या बसमध्ये. घरी नुसता डोळे मिटून पडायचो. सुरुवातीला वाटलं, नव्या नवरीच्या एवढ्या मायेवर पाणी कसं ओतायचं? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता केस पिकले.

निवृत्त होताना मला एकच हवं होतं, दुपारी छाया घरात असावी. पण जेवणं उरकली की मी झोपावं म्हणून ती सूप घेऊन अजूनही मैनाकडेच निघायची. मी आढ्याकडे बघत एकटा. उरलेलं आयुष्यही असंच जाणार, अशी मला खरोखरच भीती वाटायला लागली होती.

आता ती कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. सगळं सांगावंच लागलं.

ती खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "मी या घरात कदी गानं म्हनलं नाय."

छायाचं माहेर कोंडाणे गावचं. लग्नाआधी हळदीची गाणी म्हणायला तिला आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. ते गाणं कुठे गेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"पोराला मोठ्यानं रडू दिलं नाय मी! आन् तुमी मुकाट पडून राह्यलात?" तिनं धुळीची उशी माझ्या अंगावर फेकली आणि एकदम हसत सुटली. हसता हसता पदरानं डोळे पुसत राहिली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"मैने," तिनं अंगणातूनच हाक दिली, "आज तूच इकडं ये गं. आमी आता हितंच बसनार!"

दोघी माझ्या खाटेपाशी वाल सोलायला बसल्या. मैनानं गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. मग छायानं गाणं धरलं. पहिली ओळ दबक्या आवाजात, दुसरी जरा मोकळी. तिसरी आठवेना, म्हणून पुन्हा पहिली.

"झोपा की आता," ती म्हणाली, "चांगला गोंगाट हाय."

डोळे खरंच जड झाले होते. मी उठून बसलो, मूठभर वाल पुढ्यात ओढले आणि म्हणालो, "तू म्हन. मी जागा हाय."