डेमो म्हणजे दिमाग

सिंदेवाहीच्या बाजारपेठेतल्या सभागृहात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली. मंचावर मोठा रंगीत टीव्ही, खाली व्हिडिओ गेमचा काळा डबा आणि त्याला वायरने जोडलेले चार रिमोट. पडद्याचे चार भाग केलेले: लाल, निळा, हिरवा, पिवळा. वरून ठोकळे पडायचे, ते जुळवून कोडं पूर्ण करायचं. ज्याचं आधी पूर्ण होईल त्याचा मेंदू तेज. आणि रोज आक्रीत असं, की लाल रिमोटवर कितीही ढ पोर बसवलं, तरी तेच स्कॉलरशिपवाल्यांना हरवायचं.

"हा खेळ नाई, इलाज हाय," कोट घातलेले बिरजू सर माइकवरून सांगत होते. जपानहून मेंदूविद्या शिकून आलो म्हणायचे. "डोक्यात बावन्न कुलपं असतात, अन् गोळ्या खाऊन ते गंजतात. पडद्याच्या कोपऱ्यात काय लुकलुकून राह्यलं बघा. डी, ई, एम, ओ. डेमो म्हंजे दिमाग. दिमाग खुलला की यंत्र स्वतः सांगते. फक्त ते स्टार्टचं बटण कोणी दाबायचं नाई. नस तुटते."

मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. राहवलं नाही, उभी राहिले. "अहो, डेमो म्हणजे नमुना."

"मॅडम, खाली बसा," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमच्या शाळेतले पोट्टे नापास होऊन राह्यले, ते बघा आधी." सगळं सभागृह हसलं.

मी आले होते ती सुलतानासाठी. ती माझी शेजारीण, शिलाई करते. तिच्या बारा वर्षांच्या आफ्रीनला लहानपणापासून मिरगी. गोळ्यांनी झटके थांबले होते, पण धडा काही पोरीच्या लक्षात राहत नव्हता. गेल्या आठवड्यात लाल रिमोटवर बसून आफ्रीन पहिली आली. त्याच दिवशी सुलतानाने गोळ्या बंद केल्या.

"सुलताना, गोळी अशी एकदम तोडू नको. पोरीच्या जिवावर बेतेल," मी तिला तिथेच पुन्हा सांगितलं.

"मॅडम, तुमच्या वर्गात तिच्यासाठी कोणी कवा टाळी वाजवली का? इथी अख्खा गाव वाजवते."

तेवढ्यात माइकवरून आफ्रीनचं नाव पुकारलं.

आफ्रीन मंचावर बसली. हसत हसत बटणं दाबत होती. ठोकळे भराभर पडायला लागले, लोक ओरडायला लागले. एकाएकी तिच्या हातून रिमोट गळला, अंग ताठ झालं आणि ती मंचावर आडवी होऊन तडफडू लागली. सभागृह टीव्ही बघत होतं. लाल भागातले ठोकळे पडतच होते, जुळतच होते. कोडं पूर्ण झालं, घंटी वाजली आणि खोटं सांगत नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता तरी त्या माणसाने घाबरावं ना? पण नाही. "बघा, हात सुटले! आता पोरगी थेट दिमागानं खेळून राह्यली!" असं म्हणाला तो निलाजरा.

मी मंचावर धावले. कोणीतरी हुंगवायला चप्पल काढली होती. "ती चप्पल दूर ठेवा. तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. मुश्ताक भाऊ, तुमचा ऑटो दाराशी आणा." सुलताना पोरीचं डोकं धरून बसली. तेवढ्यात मी चारही रिमोटच्या वायरी डब्यातून उपटल्या.

पडद्यावर पुढचा डाव सुरू झाला. कोणाचा हात नाही, वायर नाही. चारही रंग आपापले खेळत राहिले आणि लाल पुन्हा पहिला आला. आता मात्र कोणी टाळी वाजवली नाही.

"खेळ सुरूच केला नाही की डबा एकटाच खेळून दाखवतो, दुकानात गिऱ्हाईक भुलावं म्हणून," मी म्हणाले. "दर वेळी तोच डाव, दर वेळी लालच पहिला. पोरांना वाटतं आपण खेळतोय. स्टार्ट दाबलं तर खरा खेळ सुरू होईल, म्हणून ते बटण दाबू देत नाही हा." बिरजू सर मागच्या दाराने निसटत होते. लोकांनी धरलं म्हणे. मी तोवर ऑटोत होते.

वाटेत आफ्रीनला दुसरा झटका आला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर तो थांबला. डॉक्टर चिडले होते. "गोळी एकदम तोडली म्हणून हे झालं. लुकलुकत्या पडद्यानं काहींना आणखी त्रास होतो." सुलताना माझा हात सोडत नव्हती.

"मॅडम, शुद्धीवर आली तर तिले त्या डब्याचं सांगू नका. जिंकली म्हणून झोपेतबी हसे माही पोरगी."

मला रडू येत होतं, आणि त्या माणसाचा संताप त्याहून जास्त.

पहाटे आफ्रीनने डोळे उघडले. जीभ चावली गेली होती, बोलणं अडखळत होतं. "अम्मी, मी आली का पयली?"

सुलतानाने माझ्याकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "नाई, बेटा. ते मशीन एकटंच खेळत होतं. तू पडली तवा तुले कोणी बघतच नव्हतं. मीबी टीव्हीच बघत होती."

आफ्रीनने भिंतीकडे तोंड फिरवलं. गोळी मात्र घेतली.

वाचणाऱ्यांनो, असा कोणी तुमच्या गावात आला तर आधी वायर काढून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराची गोळी तोडू नका. आणि लेकरू समोर असताना पडद्याकडे बघत बसू नका.